गाडीचा एअरफ्लो सेन्सर खराब झालाय का? मोबाईलवरून स्टेप बाय स्टेप कसं तपासायचं?

गाडीचं पिकअप गेलंय, ॲव्हरेज पडलंय, डॅशबोर्डवर पिवळा इंजिनचा दिवा लागलाय आणि गॅरेजवाला म्हणतोय, "मॅफ सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." असं तुमच्यासोबत झालंय का? या लेखात आपण पाहणार आहोत की हा सेन्सर नेमका करतो काय, तो खराब झालाय हे मोबाईल आणि एका छोट्या ॲडॉप्टरने कसं ओळखायचं आणि पैसे खर्च करण्याआधी कोणत्या गोष्टी तपासायच्या.

मी मेकॅनिक नाही. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. पण गेल्या संक्रांतीला कोरेगावला मामांकडे गेलो होतो, तेव्हा या सेन्सरने आम्हाला चांगलंच फिरवलं. आधी तो किस्सा थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा लेख त्यावरच आहे.

किस्सा: ओव्हरटेक करताना गाडी अडकली

जानेवारी म्हणजे आमच्याकडे ऊस गाळपाचा भर. कोरेगाव-सातारा रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागे एक चाललेले असतात. मामा आजीला तपासणीसाठी साताऱ्याला घेऊन निघाले होते, मी शेजारी बसलो होतो. अंतर फार नाही, वीसेक किलोमीटर. एका ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला मामांनी गाडी बाहेर काढली, ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने पिकअपच घेतलं नाही. दोन-तीन झटके दिले आणि तशीच रेंगाळली. समोरून एसटी येत होती. मामांनी ब्रेक मारून गाडी पुन्हा ट्रॉलीच्या मागे घेतली. कुणी काही बोललं नाही, पण मागच्या सीटवर आजीने घट्ट धरलेली हँडल मी आरशात बघितली.

गाडी दहा वर्षं जुनी, दीड लिटरचं पेट्रोल इंजिन. तिथल्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, दोन कोड आले. "मॅफ गेलाय बघा," एवढंच उत्तर मिळालं. मी लगेच ऑनलाईन बघून त्यातल्या त्यात स्वस्त सेन्सर मागवला, बसवला. फरक शून्य. मामा म्हणाले, "आता या गाडीत आईला बसवायचं न्हाई. इकून टाकू." तेव्हा मी नीट अभ्यास करायला बसलो. जे आधी करायला हवं होतं, ते नंतर केलं. तुम्ही ही चूक करू नका.

मॅफ सेन्सर म्हणजे काय?

मॅफ म्हणजे मास एअर फ्लो. इंजिनमध्ये दर सेकंदाला किती ग्रॅम हवा जातेय हे मोजणारा सेन्सर. तो एअर फिल्टरच्या डब्याच्या लगेच पुढे, थ्रॉटलकडे जाणाऱ्या पाईपवर बसवलेला असतो.

हवा मोजायची गरज काय? साधं गणित आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ ग्रॅम पेट्रोलमागे साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. पण आत हवा किती आली हे कळल्याशिवाय तो हिशोब करणार कसा? ती बातमी मॅफ देतो. बातमी चुकली की पेट्रोलचा हिशोब चुकला.

मोजतो कसा, तर गरम चहा बशीत ओतून आपण फुंकर मारतो ना, तसंच. जोरात फुंकर मारली की चहा लवकर गार होतो. मॅफच्या आत एक बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. तिला वीज देऊन आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेलं असतं. हवा जास्त आली की ती जास्त गार व्हायला लागते, मग तिला तेवढंच गरम ठेवायला जास्त करंट द्यावा लागतो. किती करंट लागला यावरून किती हवा गेली हे कळतं. सोपं आणि हुशार!

आता यातली कमजोर जागाही लक्षात घ्या. त्या पट्टीवर धुळीचा किंवा तेलाचा थर बसला की तिच्यावर गोधडी पांघरल्यासारखं होतं. हवा जोरात जात असूनही ती पुरेशी गार होत नाही. सेन्सर खरी हवा आहे त्यापेक्षा कमी सांगतो, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो आणि गाडी नेमकी जोर लावायच्या वेळी मार खाते.

तुमच्या गाडीत मॅफ आहे की मॅप?

हा प्रश्न सगळ्यात आधी. सगळ्याच गाड्यांत मॅफ नसतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी मॅप सेन्सर असतो. मॅप हवा थेट मोजत नाही. तो इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजतो आणि दाब, तापमान व आरपीएम यावरून ईसीयू हवेचा अंदाज काढतो. काही गाड्यांत दोन्ही असतात. आधुनिक डिझेल गाड्यांत मॅफ सर्रास दिसतो, पण तिथे त्याचं मुख्य काम ईजीआर म्हणजे परत फिरवलेल्या धुराचं प्रमाण सांभाळणं हे असतं.

या दोन्ही पद्धती जुन्याच आहेत. जर्मनीच्या बॉश कंपनीची १९६७ मधली डी-जेट्रॉनिक ही इंजेक्शन सिस्टिम दाब मोजायची. नंतर १९७० च्या दशकात आलेली एल-जेट्रॉनिक हवा मोजायची, हवेने ढकलली जाणारी एक झडप वापरून. यातला 'एल' म्हणजे लुफ्ट, जर्मनमध्ये हवा. गरम तारेचा सेन्सर त्यानंतर आला.

ओळखायचं कसं?

- बोनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलकडे जाणारा जाड पाईप शोधा. त्यावर दोन स्क्रूने बसवलेला आणि ४-५ वायरचा कनेक्टर असलेला छोटा प्लास्टिकचा भाग दिसला तर तो बहुतेक मॅफ.
- तिथे फक्त २ वायरचा सेन्सर असेल तर तो हवेचं तापमान मोजणारा सेन्सर आहे, मॅफ नाही.
- एक गंमत लक्षात ठेवा. काही ॲप्स गाडीत मॅफ नसला तरी मॅपवरून हिशोब करून मॅफचा आकडा दाखवतात. त्यामुळे ॲपमध्ये आकडा दिसला म्हणजे सेन्सर आहेच असं नाही. बोनेट उघडून खात्री करा.

लक्षणं कोणती?

- ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते, चढावर किंवा ओव्हरटेकला पिकअप मिळत नाही
- आयडलला इंजिन थरथरतं, कधी बंद पडतं
- ॲव्हरेज कमी होतं
- सायलेन्सरमधून काळा धूर किंवा पेट्रोलचा उग्र वास
- चेक इंजिनचा दिवा

पण थांबा. हीच लक्षणं प्लग, कॉइल, पेट्रोल पंप, तुंबलेला फिल्टर किंवा फाटलेला पाईप यामुळेही येतात. म्हणून नुसत्या लक्षणांवरून सेन्सर बदलायचा नाही.

तपासायला काय लागेल?

१. ओबीडी ॲडॉप्टर. ईएलएम ३२७ नावाने मिळणारा छोटा ब्लूटूथ डोंगल. स्वस्तातले बरेचसे नकली चिपवाले असतात, पण साधा डेटा वाचायला बहुतेक वेळा चालून जातात. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही. वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्या.

२. ॲप. टॉर्क किंवा कार स्कॅनर. दोन्हीच्या फ्री आवृत्तीत आपलं काम होतं.

३. एक जोडीदार. गाडी चालवणारा वेगळा, मोबाईल बघणारा वेगळा. यात तडजोड नाही.

पोर्ट ड्रायव्हरच्या बाजूला स्टिअरिंगच्या खाली असतो, १६ पिनांचा. भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या कारना ओबीडी-२ लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत तो सापडतोच. डोंगल लावा, चावी ऑन करा, मोबाईलच्या ब्लूटूथमध्ये पेअर करा. पिन बहुतेक १२३४ किंवा ०००० असतो. मग ॲपमध्ये कनेक्ट करा. काम झालं की डोंगल काढून ठेवा. तो सतत बॅटरी खातो.

स्टेप १: कोड वाचा, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका

ॲपमध्ये कोड इंग्रजी पी अक्षराने सुरू होतात. आपल्या कामाचे हे:

- पी ०१००: मॅफच्या सर्किटमध्ये बिघाड
- पी ०१०१: मॅफचा आकडा बाकी सेन्सर्सच्या हिशोबाशी जुळत नाही
- पी ०१०२: मॅफचा सिग्नल फार कमी. कनेक्टर सुटलेला किंवा वायर तुटलेली असू शकते
- पी ०१०३: सिग्नल फार जास्त
- पी ०१०४: सिग्नल मधूनच येतो-जातो
- पी ०१७१: मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी
- पी ०१७२: मिश्रण घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त

मॅप सेन्सरवाल्या गाडीत पी ०१०६, पी ०१०७, पी ०१०८ असे कोड येतात.

मामांच्या गाडीत पी ०१०१ आणि पी ०१७१ होते. आता पी ०१०१ चा अर्थ परत वाचा. "आकडा हिशोबाशी जुळत नाही." सेन्सर मेला असं तो कुठेच म्हणत नाही. आमच्या प्रोग्रामिंगमध्ये एरर ज्या ओळीवर दिसते, चूक त्याच ओळीत असेल असं नसतं. चूक दहा ओळी आधी असते आणि त्या ओळीवर येऊन फुटते. हे मला रोजच्या कामातून माहीत होतं, तरी गाडीच्या बाबतीत मी विसरलो.

कोड डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट काढा. फ्रीझ फ्रेम नावाचा पर्याय असेल तर तोही सेव्ह करा. कोड आला त्या क्षणी आरपीएम किती होतं, लोड किती होता हे त्यात कळतं.

स्टेप २: इंजिन बंद, चावी ऑन

लाइव्ह डेटामध्ये मॅफ बघा. इंजिन बंद असताना हवा वाहत नाही, म्हणून आकडा शून्य किंवा अगदी शून्याजवळ हवा. तिथे मोठा आकडा दिसला तर सेन्सर किंवा वायरिंगवर संशय घ्या.

इनटेक हवेचं तापमानही बघा. सकाळी गार गाडीत ते बाहेरच्या तापमानाजवळ हवं. उणे ४० दाखवत असेल तर ते सर्किट तुटलेलं आहे. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर मॅफच्याच अंगात असतो, म्हणजे कनेक्टर नीट बसलेला नाही याची ही पहिली खूण.

मॅपवाल्या गाडीसाठी इथेच एक भारी टेस्ट आहे. इंजिन बंद असताना मॅपने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे, आणि तो तुमच्या गावाच्या उंचीवर ठरतो:

- मुंबई, समुद्रसपाटीला: साधारण १०१ किलोपास्कल
- कोरेगाव, साडेसहाशे मीटरच्या आसपास: साधारण ९४
- महाबळेश्वर, साधारण १,३५० मीटर: साधारण ८६

हवामानानुसार एक-दोन आकडे इकडे-तिकडे चालतात. कोरेगावात उभ्या गाडीचा मॅप ८० दाखवत असेल तर तो खोटं बोलतोय. महाबळेश्वरला मात्र ८६ आला म्हणून घाबरू नका, तिथली हवाच विरळ आहे.

स्टेप ३: इंजिन चालू, गाडी उभी

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. एसी बंद, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनाला आयडलवर साधारण दीड ते तीन ग्रॅम प्रति सेकंद, आणि रेस देऊन २,५०० आरपीएमला साधारण पाच ते आठ ग्रॅम दिसायला हवेत. इंजिन मोठं असेल तर त्या प्रमाणात जास्त. रेस वाढवताना आकडा गुळगुळीत चढला पाहिजे. मधेच शून्यावर पडून परत वर आला तर वायर हलतेय.

इंजिन आयडलवर असतानाच सेन्सरच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने अलगद टिचक्या मारा, कनेक्टरची वायर हळूच हलवा. इंजिन अडखळलं किंवा आकडा उडाला तर दोष सापडला. हात फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा.

स्टेप ४: फ्युएल ट्रिम वाचायला शिका

या लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. सायलेन्सरच्या पाईपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. जळल्यावर मिश्रण पातळ होतं की घट्ट, हे तो ईसीयूला सांगतो. मग ईसीयू ठरलेल्या पेट्रोलमध्ये टक्क्यांनी कमी-जास्त करतो. त्या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाची, लाँग टर्म म्हणजे सवयीने शिकलेली. दोन्हींची बेरीज करा.

अधिक १० म्हणजे ईसीयू हिशोबापेक्षा १० टक्के जास्त पेट्रोल सोडतोय. उणे १० ते अधिक १० पर्यंत सहसा ठीक. त्यापुढे शोधाशोध सुरू करा. आता नमुने बघा:

- आयडलला खूप जास्त, रेस दिल्यावर कमी: थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला हवेची गळती. व्हॅक्यूमच्या बारीक पाईप तपासा. आयडलला एकूण हवा थोडी असते, म्हणून गळतीचा वाटा मोठा दिसतो.
- आयडलला ठीक किंवा थोडं वजा, लोडवर जास्त, आणि मॅफचे ग्रॅम कमी: मॅफ घाण झालाय किंवा कमी सांगतोय.
- लोडवर जास्त, पण मॅफचे ग्रॅम बरोबर: हवा नीट मोजली जातेय, पेट्रोल पोहोचत नाही. पंप, फिल्टर, इंजेक्टर बघा.
- सगळीकडे सारखंच थोडं जास्त: इंधनाचा दाब कमी किंवा मॅफ आणि थ्रॉटलच्या मधल्या पाईपला चीर.
- सगळीकडे खूप वजा: मॅफ जास्त सांगतोय किंवा इंजेक्टर गळतोय.

इथे आपल्या ऊसपट्ट्यातली एक गोष्ट. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. त्यामुळे या मिश्रणाचं प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. जुन्या गाडीचा ईसीयू हे ट्रिम वाढवून भरून काढतो. म्हणून जुन्या गाडीत नुसतं अधिक ५ किंवा ६ दिसलं तर लगेच सेन्सरला शिव्या देऊ नका.

स्टेप ५: रस्त्यावरची टेस्ट आणि एक छोटं गणित

मोकळा, सरळ रस्ता. जोडीदार मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करेल. तिसऱ्या गिअरमध्ये वेगमर्यादा सांभाळून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि ठरावीक आरपीएमला मॅफचा आकडा बघा. आता किती यायला हवा याचा हिशोब:

लिटर × आरपीएम ÷ १२० = दर सेकंदाला किती लिटर हवा

आपलं उदाहरण: १.५ × ४,००० ÷ १२० = ५० लिटर. कोरेगावच्या उंचीवर ३० अंश तापमानाला एक लिटर हवेचं वजन साधारण १.०८ ग्रॅम. म्हणजे ५४ ग्रॅम. पण इंजिन शंभर टक्के भरत नाही, साधारण ८५ टक्के धरा. उत्तर आलं ४६ ग्रॅम प्रति सेकंद. हे गणित टर्बो नसलेल्या इंजिनाचं आहे. थोडा फरक चालतो, पण २५-३० टक्के कमी आला तर काहीतरी नक्की बिघडलंय.

मामांच्या गाडीचा आकडा आला ३१. आणि मध्यम लोडवर ट्रिम अधिक २२.

स्टेप ६: स्वच्छ करून बघा

नवा सेन्सर घेण्याआधी जुना साफ करा. आपल्याकडे ऊस वाहतुकीची धूळ, शेतरस्ते, फिल्टर वेळेवर न बदलणं हे सगळं असतंच.

१. चावी बंद करा, पाच मिनिटं थांबा. कनेक्टर काढा. लॉक दाबून, वायर ओढून नाही.
२. दोन स्क्रू काढून सेन्सर सरळ बाहेर घ्या.
३. फक्त मॅफ क्लीनर म्हणून मिळणारा स्प्रे वापरा. कार्ब क्लीनर, ब्रेक क्लीनर, पेट्रोल, रॉकेल चालणार नाही.
४. लांबून आठ-दहा फवारे मारा. आत बोट, ब्रश, इअरबड, काही घालू नका. तार केसापेक्षा नाजूक असते. कॉम्प्रेसरची हवाही मारू नका.
५. पूर्ण वाळू द्या, किमान अर्धा तास.
६. बसवताना बाणाची दिशा आणि रबरी रिंग तपासा. फिल्टर घाण असेल तर तोही बदला.

तेल लावलेला फिल्टर बसवला असेल तर जास्तीचं तेल उडून थेट सेन्सरवर बसतं, हेही लक्षात ठेवा.

काही जण मॅफचा कनेक्टर काढून गाडी चालवून बघतात. गाडी सुधारली तर मॅफ दोषी, असा तर्क. खूण म्हणून ठीक आहे, कारण कनेक्टर काढल्यावर ईसीयू अंदाजाने हवा धरतो. पण यात नवे कोड येतात आणि काही गाड्या चालूच होत नाहीत. याला पुरावा समजू नका.

स्टेप ७: पाईप तपासा. आमचा चोर इथेच सापडला

आता आमचं काय झालं ते. आकडे बघितले तर मॅफ कमी सांगतोय हे स्पष्ट होतं. पण नवा सेन्सरही तेवढंच कमी सांगत होता. नवा स्वस्तातला, म्हणून तोही खराब असेल असं मला वाटत होतं. मी जुना साफ करून परत बसवला. तरी तेच.

संध्याकाळी चहा पिताना मामा सहज म्हणाले, "एक इचित्र हाय बघ. अंगणातनं रिव्हर्समधी चढ चढताना गाडी झ्याक चढती. फुडं जातानाच मरती."

मी कप खाली ठेवला. सेन्सर खराब असता तर पुढे काय आणि मागे काय, दोन्हीकडे मार खाल्ला असता. त्याला गिअर कुठे कळतो? मग फरक कशाचा? गाडी जोर लावते तेव्हा इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलतं. रिव्हर्समध्ये ते उलट बाजूला कलतं. म्हणजे अशी काहीतरी गोष्ट होती जी एका बाजूला कलल्यावर उघडत होती आणि दुसऱ्या बाजूला मिटत होती.

मॅफ आणि थ्रॉटलच्या मध्ये घड्या असलेला रबरी पाईप असतो. तो हाताने ताणून, टॉर्च मारून बघितला. खालच्या बाजूला, वरून अजिबात दिसणार नाही अशा घडीत बोटभर चीर होती. उभ्या गाडीत ती मिटलेली. पुढे जोर लावला की इंजिन कलायचं, चीर उघडायची आणि हवा मॅफला वळसा घालून थेट आत. मॅफ बिचारा त्याच्यासमोरून गेलेली हवाच सांगत होता. तो बरोबर होता. आम्हीच त्याला दोषी ठरवला.

साताऱ्यातून पाईप आणून बसवला, नवी क्लिप लावली, जुना सेन्सर तसाच ठेवला, कोड डिलीट केले. त्याच रस्त्यावर परत टेस्ट: ४,००० आरपीएमला ४५ ग्रॅम, ट्रिम अधिक ४. पुढच्या आठवड्यात मामा आजीला घेऊन त्याच गाडीतून साताऱ्याला गेले. विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यामुळे सेन्सरवर पैसे घालण्याआधी हे बघाच:

- मॅफपासून थ्रॉटलपर्यंतचा पाईप, प्रत्येक घडी ताणून, खालच्या बाजूने सुद्धा
- दोन्ही टोकांच्या क्लिप
- फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसलंय का
- कनेक्टरच्या पिना, गंज किंवा उंदराने कुरतडलेली वायर
- इंजिन माउंटिंग. ते सैल असेल तर इंजिन जास्त हलतं आणि नवा पाईपही फाटतो

नवा सेन्सर घ्यावाच लागला तर

जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर जुळवूनच घ्या. नुसतं दिसायला सारखं असून भागत नाही, कारण किती हवेला किती सिग्नल याचं कोष्टक ईसीयूमध्ये ठरलेलं असतं. फार स्वस्त मिळत असेल तर डुप्लिकेटची शक्यता मोठी. बसवल्यावर ट्रिम आणि ग्रॅम परत तपासा. दिवा विझला म्हणजे काम झालं असं नाही. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काही उघडू नका, स्क्रीनशॉट घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मॅफ खराब असताना गाडी चालवली तर चालेल का?
थोडं अंतर गॅरेजपर्यंत ठीक. पण ऐनवेळी पिकअप न मिळणं धोक्याचं आहे, हे आम्ही अनुभवलंय. शिवाय पेट्रोल जास्त जात राहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो आणि तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग पडतो.

डिझेल गाडीला हीच पद्धत चालेल का?
कोड, पाईप आणि सफाई या स्टेप चालतील. फ्युएल ट्रिमच्या नाही, कारण डिझेलचं गणित वेगळं असतं. टर्बो गाडीत पाईपची गळती असेल तर बऱ्याचदा काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज येतो.

बाईकमध्ये मॅफ असतो का?
१ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यापासून बहुतेक नव्या बाईकमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे. पण तिथे सहसा मॅप आणि थ्रॉटल सेन्सर असतो, मॅफ नाही.

फक्त कोड डिलीट करून चालेल का?
दोष तसाच असेल तर कोड परत येणार. आणि पुरावा पुसला जाईल तो वेगळाच.

तर मित्रांनो, क्रम लक्षात ठेवा: आधी कोड, मग आकडे, मग पाईप आणि कनेक्टर, मग सफाई आणि सगळ्यात शेवटी नवा सेन्सर. आणि हो, गाडी रोज चालवणाऱ्या माणसाला एकदा नक्की विचारा, "ती नेमकी कधी बिघडते आणि कधी नीट चालते?" आमच्या ॲपला जे दोन दिवसांत सापडलं नाही, ते मामांनी चहाच्या एका कपात सांगितलं होतं.